छबूची दहा बोटं

भैरूची लाथ पाठीत बसली तेव्हा छबू नखं कापत होती. चुलीपुढच्या पाटावर बसून तिनं जुन्या पात्याच्या तुकड्यानं डावी करंगळी गोल करत आणली होती. पातं उडून राखेत पडलं, ती पुढं फेकली गेली आणि हनुवटी चुलीच्या कडेवर आपटली. जीभ दातांखाली आली. तोंडात खारट पसरलं. छबू उठली, मोरीत जाऊन चूळ भरली, लाल झालेली मोरी तांब्याभर पाण्यानं धुतली, राखेतून पातं शोधून फडक्यानं पुसलं आणि राहिलेली नखं कापायला पुन्हा पाटावर येऊन बसली.

भैरूला तिचं हेच सोसत नसे. मार खाल्लेल्या बाईनं गळा काढावा, शेजारच्या दारात जाऊन बसावं, दोन माणसं गोळा व्हावीत, कुणीतरी "जाऊ दे भैरूभाऊ, चुकलं तिचं" म्हणावं आणि मग आपण ऐटीत बाहेर पडून तंबाखू मळावी, अशी त्याची जुनी वहिवाट होती. ही बया मार खाऊन नखं कापते म्हणजे काय?

"कुनाला दावायचीत गं एवढी गोल करून?"

"कंपनीच्या दारात बघत्यात," छबू म्हणाली. जीभ सुजल्यानं शब्द जाड येत होते. "रोजच बघत्यात. तुमास्नी ठावं हाय की."

त्याला ठाऊक होतं. म्हणूनच दुसरी लाथ बसली.

हे छप्पन सालचं. पिंपरी गावाच्या शिवारात रेल्वेच्या पलीकडं एका खासगी कंपनीनं इंजेक्शनच्या औषधाचा छोटा कारखाना काढला, त्यात भैरूची दोन एकर गेली. मोबदल्याबरोबर घरटी एक नोकरी मिळाली आणि ती भैरूनं घेतली. शिपायाचं काम होतं. निळा सदरा मिळाला होता, पितळी बटणांचा. तो घालून भैरू चार दिवस गावभर हिंडला. पण औषध भरायच्या खात्याबाहेर फरशीच्या लांब पांढऱ्या बोळात तोंडातली तंबाखू थुंकायची नाही, हे त्याला जमेना. एकदा सांगून झालं, दुसऱ्यांदा सांगून झालं. तिसऱ्यांदा मुकादमानं सगळ्यांदेखत फडकं हातात देऊन फरशी पुसायला लावली. भैरूनं ते फडकं मुकादमाच्या तोंडात कोंबलं आणि त्याचं डोकं भिंतीवर आपटलं. मुकादमाचे दोन दात फरशीवर पडले. त्याच संध्याकाळी पितळी बटणांचा सदरा काढून घेतला गेला.

साहेब माणूस बरा होता. म्हणाला, जागा घराची आहे. घरात बाई असेल तर धाडा, कुप्या भरायच्या खात्यात बायकाच लागतात. भैरूची आई सुभद्राबाई दुसऱ्या दिवशी सुनेला घेऊन स्वतः फाटकावर गेली. घरात पगार यायला हवा होता, आणला कुणी हे तिला फारसं महत्त्वाचं वाटत नव्हतं. भैरूला तेवढंच महत्त्वाचं वाटत होतं. तेव्हापासून कुणी "छबू कामाला जाते" म्हटलं की तो म्हणे, "माज्या जागेवर."

छबू पुनावळ्याची. माहेरी शेणकूट, गोठा आणि भात-लावणी यांत हात मुरलेले, बोटांच्या पेरांत काळ्या भेगा. कारखान्याच्या दारातून ती पहिल्याच आठवड्यात दोनदा परत आली. एकदा नखांपायी, एकदा केसांतून कपाळावर उतरलेल्या तेलापायी. दाराशी कुसुमताई नावाची देखरेखीची बाई बसायची. पुण्याहून सकाळच्या गाडीनं यायची, पांढरं पातळ नेसायची आणि कधी आवाज चढवायची नाही.

"छबूबाई, रागावू नका," कुसुमताईनं तिला बाजूला घेऊन सांगितलं. "हे काम हुशारीचं नाही, सवयीचं आहे. नखं बुधवारी आणि रविवारी. केस धुतलेले, तेल बोटभर. उद्याचं पातळ आज संध्याकाळी घडी करून गादीखाली. रुमाल रोज धुतलेला. घरात जी वस्तू घ्याल ती वापरून झाली की जिथली तिथं. सकाळी शोधाशोध झाली की माणूस धावतो, धावला की घामेजतो, घामेजला की मी परत पाठवते."

आरंभी छबूनं हे सगळं धाकानं केलं. मग कधी कोण जाणे, धाक गळून पडला आणि त्या जागी गोडी आली. घरात तिनं पाच खुंट्या ठोकल्या. फडकं एकीवर, पिशवी एकीवर. डबा फळीच्या डाव्या टोकाला. पातळाच्या निऱ्या ती बोटांनी मोजून घालू लागली, सात. तुटलेलं बटण दुसऱ्या दिवसावर ढकलेना. सकाळी स्टेशनाकडं जाणाऱ्या वाटेनं निघाली की कमरेला खोचलेला चौकोनी रुमाल तिला पोटाशी जाणवायचा आणि मान आपोआप ताठ व्हायची. पाठीवर काळेनिळे वळ असायचे; पण ते चोळीच्या आत. वरून बघणाऱ्याला धुतलेली, विंचरलेली, वेळेवर निघालेली बाई दिसायची. छबूला स्वतःलाही ती तशीच दिसायची. दिवसातले नऊ तास तरी.

तिची नेमणूक सहा महिन्यांची कच्ची होती. दिवाळीनंतरच्या पहिल्या सोमवारी पक्कीचे कागद व्हायचे होते. आणि पक्क्या बायकांना कंपनीच्या नव्या चाळीत एकेक खोली मिळणार होती. दाराला आतून कडी असलेली. ती कडी छबूनं बघून ठेवली होती. सुतार बसवत होता तेव्हा जेवणाच्या सुट्टीत तिनं ती दोनदा लावून पाहिली होती. अट एकच होती: शिकायचा पहिला आठवडा सोडला तर सहा महिन्यांत हात तीनदा नापास झाला, की नाव कमी.

पहिल्यांदा ते झालं बांगड्यांपायी.

खात्यात काचेच्या बांगड्या चालत नसत. फुटली तर काच औषधात जायची. पण नवरा जिवंत असलेल्या बाईनं हात रिकामे ठेवायचे कसे? छबूनं यावर आपल्या परीनं तोडगा काढला. आबाजी कासाराकडून तिनं मापापेक्षा मोठ्या हिरव्या बांगड्या भरून घेतल्या, मूठ मिटली की सरकन निघणाऱ्या. फाटकाशी काढायच्या, रुमालात बांधायच्या, संध्याकाळी घरच्या वळणावर पुन्हा चढवायच्या. घरातून जाताना हात भरलेले, येताना भरलेले. मधलं कोण बघतंय?

आबाजीनं बघितलं. त्याच्यापाशी सगळ्या गावाच्या मनगटांची मापं होती. बाजाराच्या दिवशी त्यानं भैरूला हटकलं, "काय भैरूभाऊ, वैनी रोडावली का काय? का रोज उतरवून ठेवती?" भोवतीची माणसं हसली. कुणीतरी म्हणालं, "रोज नऊ तास मरतो आपला भैरू! पगारी मरण हाय, भावा!"

भैरू तडक घरी आला. छबू जात्याशी बसली होती. त्यानं तिची दोन्ही मनगटं धरली आणि जात्याच्या तळीवर आपटली. एकदा, मग पुन्हा, मग बांगड्यांचा एकही वेढा शिल्लक उरला नाही तोपर्यंत. पिठात हिरव्या काचा पडल्या. काही मांसात शिरल्या. पीठ आधी गुलाबी झालं, मग त्याच्या गुठळ्या झाल्या.

"मी जित्ता हाय का मेलोय?" प्रत्येक आपटीला तो विचारत होता. "सांग की. जित्ता हाय का मेलोय?"

सुभद्राबाईनं नंतर सुनेचा हात मांडीवर घेऊन सुईनं काचा काढल्या, आणि दर काचेमागं एक शिवी घातली. "रोज उतरवतात व्हय गं बांगड्या, भवाने? माज्या लेकाच्या जिवावर उठलीस. हात हलवू नगंस. आणि उद्या कामावर कशी जाशील आता? पगार कापतील की!"

कुसुमताईनं दुसऱ्या सकाळी ते हात पाहिले आणि तिचा चेहरा उतरला.

"परत जा. आठ दिवस."

"मी फडकं बांधते की, बाई."

"फडक्याखालचं कुपीत उतरतं, छबूबाई. आणि कुपी कुणाच्या तरी लेकराच्या दंडात जाते." तिनं वहीत छबूच्या नावापुढं एक फुली केली. "एक झाली. आणखी दोन झाल्या की माझ्याही हातात काही राहत नाही."

आठ दिवस छबू घरी बसली आणि तिनं विचार केला. तिला वाटलं, घरात प्रत्येक वस्तूला जागा दिली तशी मारालाही देता येईल. मार बंद होईल असं तिच्या मनातही आलं नाही. एवढी भाबडी ती नव्हती. तो फक्त जिथला तिथं ठेवायचा होता. भैरू जेवून हात धूत असताना ती जवळ जाऊन उभी राहिली आणि बैल नांगराला कुठल्या बाजूनं जुंपायचा हे बोलावं तशा सुरात बोलली.

"अवं, ऐका. मारायचं तर मारा. पर हातावर नगा. हात फुटला की ती परत धाडत्यात. तीनदा धाडलं की नाव काढत्यात. पाठीवर मारा. पाठ कुनी बघत न्हाई."

भैरूनं धोतराच्या सोग्याला हात पुसले. तिच्याकडं बघितलं. आणि कितीतरी आठवड्यांनी तो हसला.

"तीनदा?" तो म्हणाला. "एक झालं न्हवं?"

तेव्हा छबूला कळलं, आपण काय करून बसलो ते.

त्यानंतर भैरूनं तिच्या पाठीला बोट लावलं नाही. गावात चर्चा झाली, भैरू सुधारला. घरात मात्र त्याचं सगळं लक्ष तिच्या दहा बोटांवर असे. ती भाकरी थापायला बसली की तो समोर उकिडवा बसायचा. ती विळीवर बसली की तो मागं येऊन उभा राहायचा. छबूनं विळीवर चिरणं सोडलं. भाजी हातानं मोडून टाकू लागली. झोपताना हात पोटाखाली घेऊन पालथी झोपू लागली. सकाळी उठली की आधी बोटं मोजायची, जशी निऱ्या मोजायची तशी.

गणपतीत एकदा ती तव्यावरून भाकरी उलटत होती. भैरूनं विस्तवात खुपसून ठेवलेला चिमटा कधी उचलला ते तिला दिसलं नाही. तिचा डावा हात धरून, उताणा करून, त्यानं लाल चिमटा तळव्यावर दाबला आणि दहा मोजले. मोठ्यानं मोजले. कातडी चरचरली, तिचा वास तव्यावरच्या भाकरीच्या वासात मिसळला. छबू ओरडली. लग्नानंतर पहिल्यांदाच गल्लीनं तिचं ओरडणं ऐकलं. दारात दोन-चार माणसं आली, आणि भैरू त्यांना म्हणाला, "भाजलं जरा. बायकांच्या जातीला चुलीपाशी ध्यान नसतं."

"दोन," कुसुमताई म्हणाली. फुली करताना पेन अडखळलं. "छबूबाई, हे चुलीवर झालं?"

"व्हय, बाई."

"चिमट्याचे दोन्ही पाय उमटलेत."

छबूनं हात पदराआड घेतला. कुसुमताईनं वही मिटली. "दिवाळीनंतरच्या सोमवारी साहेब स्वतः हात बघणार आहेत," एवढंच ती म्हणाली. "तोवर जपा."

तळवा भरायला पाच आठवडे लागले. कुसुमताईनं तोवर तिला खोकी बांधायच्या कामावर ठेवलं. छबूनं रोज कडुलिंबाच्या उकळल्या पाण्यात हात बुडवला, नवी कातडी आली तिला खोबरेल लावलं. दिवाळीत तिनं फराळ केला नाही. तेलाची कढई भैरू घरात असताना चुलीवर ठेवायची तिची छाती नव्हती. सुभद्राबाईनं स्वतः चार करंज्या तळल्या आणि मुलाला ठणकावलं, "हातावर नगं आता. सोमवार सरू दे. पगार बंद झाला तर खाशील काय, माती? ती बी कंपनीला दिलीस."

भैरू करंजी खात हो म्हणाला.

सोमवारी सकाळी ऊन ओसरीवर आलं होतं. छबूनं न्हाऊन केस बांधले, गादीखालचं पातळ काढून नेसली, रुमाल खोचला, डबा घेतला. दाराची एक फळी उघडली. दुसऱ्या फळीआड भैरू उभा होता.

त्यानं तिचा उजवा हात धरला आणि बिजागरीकडच्या फटीत घातला. डबा खाली पडून गडगडत गेला. फळी ढकलायला त्यानं खांदा लावला.

"भैरू!" सुभद्राबाई आतून ओरडली. "हात सोड तिचा! पगार जाईल रं!"

"जाऊ दे! माजी जागा हुती ती!"

फळी मिटत आली. छबूनं त्याच्या मनगटाला दात लावले, आणि जिवाच्या करारानं मिटले. दातांखाली काहीतरी कटकन तुटलं. भैरूची पकड सुटली, हात फटीतून निघाला, फळी नुसत्याच चौकटीवर धाडकन आदळली. तो ओरडत वळला आणि त्यानं तिचे नुकते बांधलेले केस मुठीत धरले. छबूनं मागं हात नेला. मुसळ कोपऱ्यात उखळाशेजारी होतं. बघावं लागलं नाही. त्या घरात आता कुठलीच वस्तू तिला बघून घ्यावी लागत नव्हती.

पहिला घाव गुडघ्यावर बसला. सुकलेलं लाकूड मोडावं तसा आवाज झाला आणि भैरू बसला. केस सुटले. इथं थांबता आलं असतं. त्याच्या अंगात उठायचं बळ नव्हतं आणि दार उघडं होतं. छबूनं मुसळ पुन्हा उचललं आणि त्याच गुडघ्यावर घातलं, जसं साळीवर घालतात, सरळ वरून. भैरूनं दोन्ही हातांनी गुडघा झाकला. तिसरा घाव त्या हातांवर पडला. ती बोटं आहेत हे तिला दिसलं होतं. दिसत असताना तिनं तो घातला.

मग घरात फक्त त्याचं विव्हळणं राहिलं. ओसरीवर चिमण्या होत्या, त्या उडाल्या नव्हत्या.

"मेला का गं?" सुभद्राबाईनं भिंतीला धरून विचारलं.

"न्हाई, आत्याबाई. वरडतोय की."

छबूनं मुसळ धुतलं, पुसलं, कोपऱ्यात उभं केलं. तोंड धुतलं; दातांत त्याची कातडी अडकली होती, ती काढून चूळ भरली. हात कोपरापर्यंत धुतले, उन्हात धरून नखं बघितली, बोटं बघितली. केस पुन्हा बांधले. निऱ्या सुटल्या होत्या, सात घालून खोचल्या. डब्यातली भाकरी झटकून पुन्हा बांधली. "हाडवैद्याला बोलवा," ती सासूला म्हणाली, नवऱ्याच्या पायांवरून पाय टाकून बाहेर पडली आणि वेळेवर पोचावी अशा, पण घाम येऊ नये अशा चालीनं रूळ ओलांडून गेली.

साहेबांनी हात पाहिले. उलटे, सुलटे. डाव्या तळव्यावरच्या दोन पट्ट्यांवर त्यांनी अंगठा फिरवला.

"हे जुनं आहे. भरलंय," कुसुमताई मागून म्हणाली.

"थरथरतात का?"

"थंडी हाय, सायेब."

थंडी अजून तशी पडली नव्हती. साहेबांनी कुसुमताईकडं बघितलं. कुसुमताईनं छबूचे दोन्ही हात आपल्या हातांत घेतले आणि थरथर थांबेपर्यंत तसेच धरून ठेवले. मग म्हणाली, "आत जा. टोपी नीट बांधा." त्या दिवशी छबूनं सगळ्यांत जास्त कुप्या भरल्या. पांढऱ्या भुकटीचा एक कणही सांडला नाही, आणि आपल्या हातांना हे जमतंय याची तिला मधूनच भीती वाटत राहिली.

गावात भैरूनं सांगितलं, बैलानं तुडवलं. बायकोनं मारलं हे कुठल्या तोंडानं सांगणार? सुभद्राबाईनंही तेच सांगितलं. पोलीस पाटील यशवंतराव चौकशीला येऊन खाटेशी बसले, पानाला चुना लावत त्यांनी विचारलं, "बैल कुनाचा म्हनालास, भैरू?"

"माजाच."

"तुजं बैल तर जमिनीबरोबर गेलं की रं. दोन वर्सं झाली." यशवंतरावांनी पान तोंडात घातलं, घरावरून नजर फिरवली. खुंट्या बघितल्या, कोपरा बघितला. "बरं. बैलच असंल. बैलाचं काय सांगावं," म्हणाले आणि उठून गेले. बाहेर कट्ट्यावर बराच वेळ हसणं ऐकू येत होतं. त्या हसण्यानं भैरूनं भिंतीकडं तोंड केलं ते पुढं कितीतरी दिवस तसंच राहिलं.

कागद झाले. महिन्याभरात चाळीतली खोली मिळाली. छबूनं एक पत्र्याची पेटी, दोन पातळं आणि पाण्याची कळशी एवढंच घेतलं. निघाली तेव्हा भैरू खाटेवर पडला होता. पाय फळ्यांत बांधलेला. उजव्या हाताची तीन बोटं वाकडी सांधली होती, ती मिटत नव्हती आणि उघडतही नव्हती.

"छबे," तो म्हणाला. "पानी."

तिनं पेटी खाली ठेवली. तांब्या भरून आणला. त्यानं धरायला हात पुढं केला, तांब्या निसटून गादीवर कलंडला. तिनं पुन्हा भरला, त्याची मान डाव्या हातानं उचलली, डाव्या अंगानं पाजलं तर ओठाच्या कडेनं सांडलं, म्हणून उजव्या अंगाला येऊन घोट घोट पाजलं. एवढ्या जवळून त्यानं तिच्याकडं मारायच्या वेळीच काय ते बघितलं होतं.

"येशील न्हवं परत?" त्यानं विचारलं.

छबूनं त्याची मान उशीवर ठेवली, ओलं झालेलं गादीचं टोक उलटं केलं. पेटी उचलली. सुभद्राबाई उंबऱ्यात पाय पसरून बसली होती. सुनेला वाट द्यावी की न द्यावी हे तिचं ठरत नव्हतं. शेवटी तिनं पाय आखडून घेतले.

"आत्याबाई, उजव्या अंगानं पाजत जा त्यास्नी," छबू म्हणाली. "डाव्यानं सांडतंय."